हलू नका, हुकुमचंदची आली!

दुपारी जेवून जरा लवंडलो होतो, तर भाचीने कॅमेरा नाकासमोर धरला. "मामा, तुझ्या या डब्यात रात्रीचं काही म्हणजे काही येत नाही." डबा म्हणजे माझा २००८ सालचा कॅनन पॉवरशॉट ए५९० आयएस. आठ मेगापिक्सेल, दोन पेन्सिल सेल. पुण्याला तिच्या कॉलेजात सध्या असल्या जुन्या कॅमेऱ्यांची चलती आहे म्हणे. इंदूरला आल्या आल्या तिने तो कपाटातून उकरून काढला आणि रात्री सराफ्यात, म्हणजे दुकानं मिटल्यावर खाऊगल्ली होणाऱ्या सराफा बाजारात, नेला. इवल्याशा पडद्यावर पाहिलं तर गराडूच्या, म्हणजे तळलेल्या कंदाच्या, कढईवरची वाफ फ्लॅशने पांढरीफेक, पुढे कुणाच्या तरी टकलावर लख्ख उजेड, आणि मागचा अख्खा सराफा काळोखात बुडालेला.

"आधी तो फ्लॅश बंद कर," मी उठून बसलो. हा विषय निघाला की माझी झोप उडते. त्या फ्लॅशचा पल्ला तीनेक मीटरचा, तो सराफा काय उजळणार? आणि झूमला हातच लावायचा नाही. या कॅमेऱ्याची लेन्स रुंद असताना एफ २.६ ला उघडते, झूम पूर्ण ताणला की एफ ५.५; हा आकडा जितका मोठा तितकं लेन्सचं तोंड लहान. म्हणजे उजेड चौथाईहूनही कमी. त्यापेक्षा दोन पावलं पुढे जावं. सराफ्यात तर तेवढंही करावं लागत नाही, मागचे लोकच ढकलतात.

आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, वाढवावा म्हटलं, तर ४०० पर्यंत ठीक. ८०० च्या पुढे फोटोवर कुणी रवा सांडल्यासारखा दिसतो. मग उरतं काय? शटर जास्त वेळ उघडं ठेवणं आणि कॅमेरा न हलवणं. ट्रायपॉड घेऊन सराफ्यात कोण जाणार? मी कॅमेऱ्याच्या बुडाच्या भोकात एक स्क्रू बसवून त्याला सुतळी बांधलीय. सुतळीचं दुसरं टोक बुटाखाली दाबायचं आणि कॅमेरा वर ओढून ती ताठ करायची. हात बराच स्थिरावतो. भिंत किंवा कठडा मिळाला तर उत्तमच; तिथे कॅमेरा टेकवून दोन सेकंदांचा टायमर लावायचा, म्हणजे बटण दाबल्याचा हिसकाही जातो. सेकंदाच्या वर शटर उघडं राहिलं, तर फोटो झाल्यावर कॅमेरा तेवढाच वेळ गप्प बसतो. भाचीला वाटलं, हँग झाला. तसं नाही. तो शटर मिटून एक काळा फोटो घेतो आणि त्यात जे खोटे ठिपके उमटतात ते खऱ्यातून वजा करतो. दहा सेकंदांच्या फोटोला आणखी दहा सेकंद. तेवढ्यात एक गराडूची प्लेट संपते.

श्वास रोखून फोटो काढायची सवय मात्र काकाची. अनंत चतुर्दशीला आम्ही सगळे जेल रोडवर आत्याकडे जमायचो. तिची लाकडी गॅलरी थेट रस्त्यावर. हुकुमचंद, मालवा अशा कापड मिलच्या झांक्या, म्हणजे दिव्यांनी सजवलेले चित्ररथ, रात्रभर चालायच्या, आम्ही पोरं अकरालाच आडवी व्हायचो, आणि मग कुणीतरी गदागदा हलवायचं, "अरे ऊठ, हुकुमचंदची आली!" डोळे चोळत बघावं तर खाली दिव्यांचा डोंगर सरकतोय, पुढे आखाड्याची पोरं पेटत्या टोकांची काठी, बनेटी, फिरवतायत. काका गॅलरीच्या कठड्यावर चौघडी केलेली गोधडी ठेवायचा, तिच्यावर कॅमेरा. आत छत्तीसचा रोल, तोही दिवाळीपर्यंत पुरवायचा. "कुणी हलू नका!" तो ओरडायचा. गॅलरी जुनी, एकाने पाय हलवला तरी सगळी थरथरायची. त्यामुळे आत्या, आजी, शेजारच्या वहिनी, सगळ्या हातातला चिवडा हातात धरून श्वास रोखायच्या. खट् झालं की पुन्हा चिवडा. रोल धुऊन यायचा तेव्हा त्यात उजेडाच्या रेघोट्या असायच्या. काका एकेका रेघेवर बोट ठेवून सांगायचा, हा गणपती, हा मालवा मिलचा रथ. आम्हाला दिसायचाही.

हल्लीच्या फोनला हे काही करावं लागत नाही. तो रात्रीच्या दोनचा फोटो दुपारच्या दोनसारखा काढून देतो. आकाश निळं, राजवाडा धुतलेला. मला ते बघवत नाही. अरे, रात्र आहे तर काळी दिसू दे की! मी तर दिव्यांचे फोटो मुद्दाम उणे एकवर, म्हणजे एक पायरी कमी उजेडात, काढतो, म्हणजे बल्बचा पिवळेपणा टिकतो. घरचे म्हणतात, तुझ्या फोटोत काही दिसत नाही. दिसतं, थोडं बघावं लागतं.

यंदा चतुर्दशीला मी हाच कॅमेरा नेला होता. गर्दीने झांकी अडली की कठड्यावर टेकवून एक सेकंद, आयएसओ १००. फोटो फार सुरेख आले. रथातला अर्जुन, घोड्यांचे लगाम, झालरीतला एकेक बल्ब, सगळं रेखीव. भाचीला ते दाखवताना लक्षात आलं की त्यात माणूस नाही. पुतळे जागचे हलत नाहीत, ते उमटले. झांकीबरोबर चालणारे, वरच्या तारा बांबूने उचलून धरणारे हलत राहिले आणि पुसले गेले. एका फोटोत बांबूचा तेवढा फिकट पट्टा आहे, धरणारा नाही.

हुकुमचंद मिल नव्वदीच्या सुरुवातीलाच बंद पडली. झांकी थांबली नाही, कामगार ती काढत राहिले. त्यांची थकलेली देणी २०२३ च्या डिसेंबरात निघाली. तोवर त्यांतले कितीतरी उरले नव्हते.

पुढच्या चतुर्दशीला आयएसओ ८०० वर टाकणार आहे. रवा सांडला तर सांडू दे.