बॅग खाली ठेवायला जागा नाही : कास पठार, कॅमेरा आणि लॅपटॉप

शुक्रवारी रात्री स्वारगेटहून सातारा विनाथांबा पकडली. पाठीवर एकच बॅग. तिच्यात कॅमेरा, तीन लेन्स, 14 इंची लॅपटॉप, चार्जर, एक जोडी कपडे आणि आईने कोंबलेला दशम्यांचा डबा. कासची फुलं बघायला जाताना लॅपटॉप कशाला, असं बायकोनेही विचारलं. त्या आठवड्यात ऑन-कॉल ड्युटी माझी होती. लॅपटॉप लॉजवर ठेवून वर गेलो आणि फोन आला, तर 25 किलोमीटर घाट उतरून यायचं का?

दोन वर्षांपूर्वी असाच गेलो होतो आणि एक लॅपटॉप गमावता गमावता वाचला. त्या वेळची बॅग समोरून उघडणारी होती. कासवर जांभ्या दगडाचा कातळ, त्यावर बोटभर माती आणि तिच्यात फुलं. जिथे फुलं नाहीत तिथे कातळावर पाण्याचा पातळ थर. म्हणजे बॅग टेकवायला कोरडी जागा नाहीच. सीतेची आसवं टिपायची तर गुडघे टेकून जमिनीशी नाक लावावं लागतं, इतकं ते फूल बारीक. मी बॅग पाठीच्या बाजूने आडवी केली, लेन्स बदलली, बॅग परत चढवली. शर्टावर लाल चिखल. तो धुवून निघाला असता. पण तेवढ्यात सर आली. रेन कव्हर घातलेलं होतं, तरी लॅपटॉपच्या कप्प्यात पाणी शिरलं. कव्हर बॅगेचं पोट झाकतं, पाठ उघडीच राहते. मानेवरून ओघळलेलं पाणी पाठीला चिकटून खाली उतरतं आणि लॅपटॉपच्या कप्प्याची चेन नेमकी तिथेच. की-बोर्ड बदलावा लागला.

म्हणून या वेळी नवी बॅग घेताना किती सामान मावतं हे शेवटी बघितलं. आधी बघितलं ती उघडते कुठून. पाठीच्या बाजूने उघडणारी बॅग चिखलात तोंडावर झोपवली, तरी पट्टे आणि पाठ कोरडी राहतात. कमरेचा पट्टा जाड असेल तर खांद्याचे पट्टे काढून बॅग कमरेभोवती पोटापुढे फिरवता येते आणि उभ्याउभ्या लेन्स बदलता येते. कासवर मी दिवसभर हेच केलं. बॅग फक्त दोनदा खाली ठेवली, तीही फुलं नसलेल्या पायवाटेवर. कुणाच्याही बॅगेखाली तेरडा चिरडू नये, एवढं तरी बघायलाच हवं.

दुकानात जाताना मी घरचं सगळं सामान पिशवीत घेऊन गेलो. दुकानदाराने तोंड वाकडं केलं, करू दे. रिकामी बॅग सगळ्यांनाच शोभते. भरून, पट्टे आवळून दुकानाचा जिना दोनदा चढलो-उतरलो तेव्हा पहिल्या पसंतीची बॅग बाद झाली, तिचा वरचा भाग मानेला टोचत होता. लेबलवरच्या 'इंचां'वरही विसंबू नका. 15.6 इंच हे पडद्याच्या कर्णाचं माप. तसा लॅपटॉप साधारण 36 सेंटिमीटर लांब आणि 24 रुंद असतो, जुना असेल तर आणखी मोठा. शिवणकामाची टेप न्या आणि कप्पा आतून मोजा. मग त्या कप्प्याच्या तळाशी हात घाला. कप्पा बॅगेच्या बुडापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर वर संपायला हवा. थेट बुडापर्यंत गेला असेल, तर बॅग धपकन ठेवली की लॅपटॉप कोपऱ्यावर आपटलाच.

रिकाम्या बॅगेचं वजनही विचारा. माझी 1 किलो 700 ग्रॅमची आहे. कॅमेरा-लेन्स मिळून 2 किलो 400, लॅपटॉप-चार्जर 1 किलो 700, त्यात पाणी, कपडे आणि डबा. यवतेश्वरचा घाट गाडीतच होतो म्हणून ठीक. किल्ला चढायचा असता तर एक लेन्स घरी ठेवली असती. विमानाने जाणाऱ्यांनी तर आधीच काट्यावर ठेवून बघावं, कारण बऱ्याच देशी विमानांत केबिन बॅगेला 7 किलोच चालतात. सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक मात्र केबिनमध्येच न्याव्या लागतात.

आता लोकांना पटत नाही तो मुद्दा. महागड्या बॅगेतही लॅपटॉप मी दुधाच्या जाड प्लॅस्टिक पिशवीसारख्या, तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या पिशवीतच ठेवतो. रेन कव्हर त्यावर. कव्हरच्या तळाशी पाणी निघायला भोक आहे का बघा, नसेल तर तिथे डबकं साचतं. पाण्याची बाटली बाहेरच्या जाळीतच.

एसटीत बॅग वरच्या फळीवर टाकू नका. खंबाटकीच्या वळणांवर तिथून काय काय खाली येतं ते मी पाहिलंय. मांडीवर घ्या, नाहीतर पायांत.

बजेट नसेल तर कॅमेऱ्याची वेगळी बॅग नकोच. मऊ कप्प्यांचा सुटा डबा मिळतो, तो घरातल्या भक्कम कॉलेज बॅगेत बसवा. लेन्स काढायला वेळ लागतो, पण एसटी स्टँडवर 'आत कॅमेरा आहे' असं ओरडून सांगणारी बॅग नसणं हाही फायदाच.

कासला सप्टेंबरमध्ये जायचं तर शनिवार-रविवार टाळा आणि ऑनलाइन बुकिंग आधी करून ठेवा. सकाळी लवकर पोहोचलात तर दवबिंदू या कीटकभक्षी रोपाच्या चिकट थेंबांवर तिरपा उजेड मिळतो, धुक्याने परवानगी दिली तर. मला वीस मिनिटं मिळाली. ऑफिसचा फोन आला तो त्याच वीस मिनिटांत. रेंज येत-जात होती, म्हणून लॅपटॉप उघडायला घाट उतरून साताऱ्याच्या एका चहाच्या टपरीपर्यंत यावं लागलं.

घरी आल्यावर बॅग तशीच कोपऱ्यात टाकू नका. सगळे कप्पे रिकामे करून रात्रभर पंख्याखाली उघडी ठेवा, लेन्स बाहेर काढा. दमट बॅगेत लेन्सला बुरशी धरते. मी डबा काढायचा विसरलो होतो, तो बुधवारी सापडला.