घरच्या कागदांना कुलूप: सहा आठवड्यांची नोंदवही

८ जून

स्कॅनिंग एकदाचं संपलं. आजोबांच्या ट्रंकेतले मोडी कागद, फेरफाराच्या नकला, पत्रं, पासबुकं, आजीचं मृत्युपत्र, वारसनोंदीसाठी गोळा केलेल्या भावंडांच्या आधारच्या प्रती, सगळं एका पोर्टेबल डिस्कवर आलं. ही डिस्क पुढच्या महिन्यात कराडला आत्याकडे जाणार आहे आणि एक प्रत क्लाउडवर ठेवायची आहे. आज हातात डिस्क घेऊन बसले तेव्हा जाणवलं की ही एसटीत विसरली तर ज्याला सापडेल त्याला आमच्या घरातल्या अकरा जणांच्या सह्या आणि आधार क्रमांक आयतेच मिळतील. तेव्हा एन्क्रिप्शन, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही असं कुलूप, हवंच, आणि घरातल्या सगळ्यांना वापरता यावं म्हणून फुकट हवं.

१० जून

सॉफ्टवेअर शोधायच्या आधी ढीग वेगळे केले. हे काम मला सगळ्यात उपयोगी वाटलं. सातबारा महाभूलेखवर कुणालाही दिसतो, तो लपवून काय करायचं? मोडी कागद तर वाचायला जितके जास्त डोळे मिळतील तितकं बरं. ६०० डीपीआयचं (इंचाला ६०० ठिपके) एक रंगीत ए-फोर पान टिफ या चित्रफाइलीत १०० एमबीच्या वर जातं, त्यामुळे जागा खाणारा ढीग हाच, आणि त्याला कुलूप नकोच आहे. कुलपात जाणारी पानं निघाली ३००, तीही ३०० डीपीआयची. म्हणजे आठेक जीबी. एवढ्यासाठी अख्खी डिस्क बंद करायची गरज नाही.

१५ जून

इतकी वर्षं मी झिपला, म्हणजे अनेक फाइलींच्या एका गठ्ठ्याला, पासवर्ड लावून निर्धास्त होते. आज त्याच जुन्या झिपवर दोनदा क्लिक केलं आणि पासवर्ड न देता यादी उघडली: ‘आजी_मृत्युपत्र_१९८७’, ‘आधार_सगळे’. पान उघडत नाही, पण कपाटात काय आहे ते दारावरच लिहिलेलं. झिपचं जुनं कुलूप, झिपक्रिप्टो, त्याहून कच्चं आहे. आतल्या मजकुराचा थोडा भाग ठाऊक असेल तर ते फोडता येतं, हे १९९४ मध्येच बिहॅम आणि कॉकर या संशोधकांनी दाखवलंय. असे गठ्ठे बांधणारं सेव्हन-झिप वापरत असाल तर प्रकार ‘सेव्हन-झेड’ निवडा आणि फाइलींची नावंही एन्क्रिप्ट करण्याची खूण करा. मग एईएस-२५६ हे पक्कं कुलूप लागतं आणि यादीही झाकली जाते. वकिलांना एखादं पान पाठवायला हे पुरेसं आहे. रोज उघडझाप करायच्या संग्रहाला मात्र नाही, कारण एक पान बघायला काढलं की त्याची उघडी प्रत कुठल्यातरी तात्पुरत्या फोल्डरमध्ये पडते.

२२ जून

व्हेराक्रिप्ट, फाइली किंवा अख्खी डिस्क एन्क्रिप्ट करणारं फुकट सॉफ्टवेअर. याच्याकडे वळायचं कारण त्याचा इतिहास. ट्रूक्रिप्ट हे याच कामाचं, आपल्यापैकी अनेकांनी वापरलेलं सॉफ्टवेअर. मे २०१४ मध्ये त्याच्या अनाम कर्त्यांनी ‘हे सुरक्षित नाही’ असं लिहून एकाएकी काम थांबवलं. पण मूळ कोड सगळ्यांसमोर होता. त्याची स्वतंत्र तपासणी २०१५ मध्ये पूर्ण झाली आणि मुद्दाम ठेवलेलं चोरदार काही सापडलं नाही. मुनीर इद्रासी यांनी २०१३ मध्येच तो कोड घेऊन व्हेराक्रिप्ट सुरू केलं होतं. त्याचीही २०१६ मध्ये क्वार्क्सलॅब या सुरक्षा कंपनीने तपासणी केली, गंभीर दोष दाखवले आणि त्यातले बरेचसे लगेच दुरुस्त झाले. दोष निघाले हे वाचून माझा विश्वास वाढला. ज्याचा कोड कुणी पाहूच शकत नाही, त्यातले दोष निघणार कसे?

तुमच्याकडे ट्रूक्रिप्टचे जुने कंटेनर (आत अनेक फाइली ठेवणारी एकच कुलूपबंद फाइल) असतील तर आत्ताच उघडून रिकामे करा. व्हेराक्रिप्टने १.२६ पासून ते उघडणं बंद केलंय. १.२५.९ ही त्यासाठीची शेवटची आवृत्ती.

२३ जून

मुद्दाम एक प्रयोग केला. १६ जीबीचा पेनड्राइव्ह अख्खा एन्क्रिप्ट केला, त्यात नको असलेली पानं भरली आणि काही न सांगता आतेभावाला दिला. त्याने तो लॅपटॉपला लावला. लॅपटॉपला आत काहीच ओळखीचं दिसेना, म्हणून त्याने विचारलं: डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची का? आतेभावाने ‘हो’ दाबलं. कुणीही दाबलं असतं.

व्हेराक्रिप्ट हेडरची, म्हणजे कुलूप उघडायची माहिती असलेल्या सुरुवातीच्या भागाची, एक प्रत व्हॉल्यूमच्या (एन्क्रिप्ट केलेल्या जागेच्या) शेवटी ठेवतं. ‘रिस्टोअर व्हॉल्यूम हेडर’ने ती परत आणली आणि पासवर्ड लागला. पण आतली फाइलींची यादी फॉरमॅटने पुसली होती. कुलूप उघडलं, खोली मोकळी. आता ठरलं: दुसऱ्याच्या हातात जाणारी डिस्क अख्खी एन्क्रिप्ट करायची नाही. साध्या डिस्कवर कंटेनर फाइल करायची, तिचं नाव ‘पुसू-नका-घरचे-कागद’ ठेवायचं, शेजारी सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलर आणि मराठीत दहा ओळींची सूचना. त्यातून आपण काहीतरी लपवलंय हे दिसतं. आमच्या घरात त्याने काही बिघडत नाही.

२९ जून

कंटेनर क्लाउडवर टाकून पाहिला आणि दोन दिवस डोकं खाजवत बसले. आत नवीन पत्र टाकलं, कंटेनर बंद केला, तरी सिंक, म्हणजे क्लाउडवरची प्रत आपोआप ताजी होणं, हलेना. शेवटी सापडलं. व्हेराक्रिप्ट मूळ सेटिंगमध्ये कंटेनर फाइलची बदलाची वेळ जशीच्या तशी राखतं. आत कधी हात घातला ते बाहेरून कळू नये, हा त्यामागचा विचार. सिंक करणाऱ्यालाही मग बदल कळत नाही. प्रेफरन्सेसमध्ये ती खूण काढली आणि लगेच सुरू झालं. पण मी वापरते ती सेवा एका पत्रासाठी अख्खा १० जीबीचा कंटेनर चढवायला लागली. १० एमबीपीएसच्या वेगाने सव्वादोन तास! बदललेला भागच तेवढा चढवणाऱ्या सेवा आहेत, माझी तशी नाही.

म्हणून क्लाउडसाठी क्रिप्टोमेटर. ते प्रत्येक फाइल वेगळी एन्क्रिप्ट करतं. एक पत्र टाकलं तर तेवढे २६ एमबी जातात, वीसेक सेकंदांत काम झालं. बाहेरून पाहिलं तर ‘डी’ नावाच्या फोल्डरमध्ये अगम्य नावांचे थर दिसतात. फाइली किती, केवढ्या आणि कधी बदलल्या हे मात्र झाकलं जात नाही. आमच्या कामाला चालेल. संगणकावर फुकट आहे, अँड्रॉइडवर एकदाच पैसे भरावे लागतात.

मराठीत फाइलींची नावं लांबलचक देणाऱ्यांसाठी: देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत तीन बाइट घेतं. क्रिप्टोमेटरमध्ये एन्क्रिप्ट झालेलं नाव २२० अक्षरांपलीकडे गेलं की ते आखूड करून मूळ नाव वेगळ्या फाइलीत ठेवलं जातं. माझ्या हिशेबाने आपली ही हद्द ४८ चिन्हांनाच येते. चालतं व्यवस्थित, पण मी नावं आखूड केली. जितके कमी भाग तितकं हरवणं कमी.

६ जुलै

पासवर्ड देवनागरीत ठेवायची फार हौस होती. चाचणीच्या कंटेनरला पाच मराठी शब्द दिले, त्यात एक होता ‘पायऱ्या’. घरच्या संगणकावर इनस्क्रिप्ट या देवनागरी कळफलकाने टाइप केला होता. आत्याच्या लॅपटॉपवर रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारा कळफलक आहे. तिथे तोच शब्द, तसाच दिसणारा, आणि कंटेनर उघडेना. दहा वेळा केलं. मग दोन्हीकडचा शब्द चिन्हं सुटी करून पाहिला. एकीकडे ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह, त्याला हलन्त आणि मग ‘य’. दुसरीकडे साधा ‘र’, हलन्त, एक न दिसणारी जोडखूण आणि ‘य’. डोळ्यांना दोन्ही ‘पायऱ्या’च, पण संगणकाच्या लेखी दोन वेगळे पासवर्ड.

तेव्हा मराठी शब्द, पण रोमन छोट्या लिपीत. तिथे दुसरा घोळ: ‘गाळ’ आणि ‘गाल’ एकच होतात, आणि ‘आ’ला कुणी एक ‘ए’ लिहितं, कुणी दोन. मी नियम केला की काना असो-नसो, ‘ए’ एकच, आणि ळ, ष, ण असलेले शब्द बाद. चार फाशांना १,२९६ आकडे येतात, म्हणून तेवढे शब्द जमवले. तीन संध्याकाळी गेल्या, आईने भांड्यांची आणि धान्यांची नावं सुचवली. फासे टाकून सात शब्द काढले की सुमारे ७२ बिटांचा पासवर्ड होतो (बिट जितके जास्त तितका तो ओळखणं अवघड). शब्द स्वतः निवडायचे नाहीत, फासे देतील ते घ्यायचे. निवडायला गेलं की आपण देव, गाव आणि मुलांची नावं घेतो.

१३ जुलै

क्रिप्टोमेटरची रिकव्हरी की, म्हणजे पासवर्ड विसरला तर लागणारी किल्ली, ४४ इंग्रजी शब्दांची असते. ती छापली, सात शब्दांचा पासवर्ड हाताने लिहिला आणि दोन्ही एका पाकिटात घालून आत्याच्या गोदरेजच्या लॉकरमध्ये ठेवले. डिस्क तिथे ठेवलेली नाही, ती आतेभावाच्या घरी आहे.

मग खरी परीक्षा. मी स्वयंपाकघरात थांबले आणि आत्याला एकटीलाच बसवलं. वय ७१. पाकीट उघडून तिने सूचना मोठ्याने वाचल्या, सहाव्या ओळीवर अडली. ‘अगं, माउंट म्हणजे काय?’ ती ओळ बदलून ‘हे बटण दाबा, नवीन ड्राइव्ह दिसेल’ अशी केली. पुढच्या वेळी तिने न विचारता १७ मिनिटांत उघडलं आणि आजोबांचं एक पत्र वाचत बसली. बंद करायला विसरली, म्हणून सूचनेत अकरावी ओळ वाढवली.

राहिलेलं काम: माझ्या लॅपटॉपवरच्या मूळ उघड्या प्रती. तिथे एसएसडी (चिपवर साठवणारी डिस्क) आहे आणि त्यावर फाइल वरून लिहून पुसली तरी जुनी जागा खरोखर पुसली जाईलच असं नाही. शिवाय फोटोंच्या छोट्या प्रतिमाही संगणक वेगळ्या साठवतो. त्यामुळे या लॅपटॉपची डिस्क पूर्ण एन्क्रिप्ट करायची आहे. हा माझ्याच हातात राहतो, फॉरमॅटचा प्रश्न कुणी दुसरा दाबणार नाही. त्याआधी बॅकअपची दुसरी प्रत उघडून तपासते, मग सुरुवात.