अकरा ग्रॅमचा जीव

नागपूरची थंडी तशी नखरेलच. दिवाळी झाली की ट्रंकेतले स्वेटर काढायचे, दुपारी बारा वाजता ते कमरेला गुंडाळायचे आणि ‘औंदा काही खास थंडी नाही पडली बा’ म्हणत जानेवारी घालवायचा. अपवाद २०१८ च्या २९ डिसेंबरचा. त्या सकाळी पारा ३.५ अंशांवर उतरला होता आणि आमच्या प्रतापनगरच्या गल्लीत, एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारी दोन घरं एकाच शेकोटीवर हात शेकत उभी होती. हा किस्सा मी लेकीला रंगवून सांगायची. आता नाही सांगत. ती अमेरिकेत मिनिआपोलिसला असते. तिकडे जानेवारीत उणे वीस ही बातमीसुद्धा होत नाही.

आपले संध्याकाळचे साडेसात म्हणजे तिचे सकाळचे आठ. नुकतं उजाडलेलं असतं. ती फोन खिडकीला टेकवून ठेवते आणि मी इकडे पोळ्या लाटता लाटता तिचं परसदार बघते. सगळं पांढरंफटक, कुंपणाची टोकं तेवढी वर. एका हातात डबा घेऊन ती गुडघाभर बर्फातून निघते. आदल्या दिवशी फावड्याने काढलेली वाट रात्रीतून पुन्हा बुजलेली असते. खांबाला टांगलेल्या नळकांड्यात पाखरांसाठी काळ्या सूर्यफुलाच्या बिया ओतायच्या. हातमोजा घालून झाकण उघडत नाही, आणि मोजा काढला की बोटं बधिर. ‘अगं, कानटोपी!’ असं मी ओरडते. ते तिला ऐकू जात नाही, शेजारच्या काकूंना जातं.

बियांशेजारी जाळीत एक चौकोनी वडी लटकत असते.

‘बर्फी टांगली का गं ती?’

‘चरबी आहे आई.’

‘कशाची?’

‘तुझी पोळी करपतेय बघ.’

मग मीच शोधून काढलं. गुरांच्या मूत्रपिंडाभोवतीची घट्ट चरबी असते ती, आणि कडाक्याच्या थंडीत पाखरांना तिचाच मोठा आधार. ह्यांना मात्र सांगितलेलं नाही. ह्यांच्या लेखी ती अजून दाण्याच्या कुटाची वडी आहे.

लालभडक, तुरेवाला कार्डिनल आला की हे चष्मा पुसून फोनपाशी येतात. माझा जीव चिकाडीवर. काळी टोपी, काळा गळा, पांढरे गाल. एक बी उचलायची, फांदीवर नेऊन पायाखाली धरून ठोकायची, परत यायचं. वजन म्हणे ११ ग्रॅमच्या आसपास. मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ज्वारी मोजून पाहिली. पोह्याचा एक चमचा झाला नाही तोच ११ आकडा आला! एवढासा जीव दक्षिणेला न जाता तिथेच हिवाळा काढतो. रात्री अंगातली ऊब दहाएक अंशांनी उतरवतो, पिसं फुगवून बसतो आणि दिवसभर खाल्लेल्यावर पहाट गाठतो. सकाळी पोटात काही उरलेलं नसतं. म्हणून लेक आठलाच बाहेर पडते. लहानपणी हिला शाळेसाठी उठवायला माझा घसा बसायचा.

आमच्या अंगणात त्यामानाने सगळं ऐषारामाचं. तांदळाच्या कण्यांवर साळुंक्यांची भांडणं, संत्र्याच्या अर्ध्या फोडीवर बुलबुल. परवा सकाळी सातला लेकीचा फोन आला तेव्हा नळाजवळच्या ओलीत एक पांढरा धोबी शेपटी आपटत फिरत होता. दर हिवाळ्यात येतो. कण्यांकडे ढुंकून बघत नाही, त्याला किडे हवेत.

‘एवढ्या लांबून कशाला येतो गं हा?’ तिने विचारलं.

‘उबेला.’

‘नागपूरला? उबेला?’ ती खो-खो हसली. मी अंगावरची शाल हळूच फोनच्या चौकटीबाहेर सारली.

तिच्या मागच्या खिडकीत काळोख होता. ‘उद्या पहाटे उणे सव्वीस सांगितलंय,’ ती म्हणाली, ‘थांब, बिया आत्ताच भरून येते.’ आणि फोन तसाच चालू ठेवून बूट शोधायला गेली.