खड्ड्याशेजारचा रुमाल

डिसेंबर लागला की शाळेत गॅदरिंगची गडबड सुरू व्हायची. नाच-नाटकांच्या आधी दोन दिवस मैदानी स्पर्धा असत. मी वाट बघायचो ती लांब उडीची, त्यातही उडी सुरू होण्याआधीच्या दहा मिनिटांची.

पी.टी.चे सर, जिथून उडी मारायची त्या पाटीपासून टेप ओढत निघायचे. वाळू संपली तरी थांबायचे नाहीत. ७.९८ मीटरवर खिशातला पांढरा रुमाल ठेवायचे आणि त्याच्या पुढे, वीतभरही नाही, ८.१३ वर फक्कीची रेघ मारायचे. मग आम्हाला भोवती बसवून अमेरिकन धावपटू जेसी ओवेन्सची गोष्ट.

२५ मे १९३५. अमेरिकेत ॲन आर्बरला 'बिग टेन' विद्यापीठांची वार्षिक स्पर्धा. ओहायो स्टेटचा हा २१ वर्षांचा पोरगा जिन्यावरून पडून पाठ धरून बसलेला. तरी उतरला. १०० यार्ड ९.४ सेकंदांत, म्हणजे जागतिक विक्रमाची बरोबरी. मग लांब उडी. तेव्हाच्या जागतिक विक्रमाच्या, ७.९८ मीटरच्या खुणेशी त्याने रुमाल ठेवला आणि एकच उडी मारली, ८.१३ मीटर. लगेच २२० यार्ड २०.३ सेकंदांत, त्यामागून लो हर्डल्स, म्हणजे बुटक्या अडथळ्यांची शर्यत, २२.६ सेकंदांत. सगळं पाऊण तासात! उडीचा तो विक्रम तब्बल २५ वर्षं टिकला. पुढच्या वर्षीची बर्लिन ऑलिंपिकची चार सुवर्णपदकं सर एका वाक्यात सांगायचे. मलाही आजवर तो पाऊण तासच मोठा वाटत आलाय.

पोरांना आवडायचा तो नावाचा किस्सा. नव्या शाळेत बाईंनी नाव विचारलं, याने 'जे. सी.' सांगितलं, दक्षिणेकडच्या बोलीमुळे त्यांना 'जेसी' ऐकू आलं आणि हजेरीत तेच लागलं.

पुढचं सांगताना सरांचा आवाज खाली यायचा. एवढा मोठा खेळाडू, पण शिष्यवृत्ती नाही. लिफ्ट चालवून शिकला. काळा म्हणून कॅम्पसवरच्या वसतिगृहात जागा नाही, संघाबरोबर बाहेरगावी गेला तर जेवायला वेगळीकडे. आम्ही एरवी कलकल करणारी मुलं, तेव्हा कुणी हलायचंसुद्धा नाही.

मग शिट्टी व्हायची. प्रत्येक जण पाटीकडे धावताना आधी त्या रुमालाकडे बघायचा.

संध्याकाळी मैदान रिकामं झालं की सर वाकून तो उचलायचे, दोनदा झटकून वाळू काढायचे आणि चार घड्या घालून खिशात ठेवायचे.