उजव्या जबड्यातली सणक: माझा अनुभव

एसटीच्या वाहकाला तोंड मिटून नोकरी करता येत नाही. ‘पुढे सरका’, ‘पास दाखवा’, ‘मागे बघा, जागा आहे’ हे दिवसभर चालूच असतं. यातल्या प, म, ब या अक्षरांना ओठाला ओठ टेकवावा लागतो, हे इतक्या वर्षांच्या नोकरीत कधी लक्षात आलं नव्हतं. त्या हिवाळ्यात आलं. ओठ टेकला की उजव्या बाजूच्या खालच्या हिरडीतून निघून थेट कानापर्यंत सणकन करंट जायचा. दोन-चार सेकंदांचा खेळ, पण तेवढ्यात हातातलं तिकीट मशीन सुटतं की काय असं व्हायचं. गंमत म्हणजे एक मोठी सणक येऊन गेली की थोडा वेळ सगळं शांत असायचं. तेवढ्या वेळात मी पुढच्या सगळ्या थांब्यांची नावं ओरडून घ्यायचो.

माझ्या फेऱ्या चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यातल्या आणि जळगावच्या. सातपुड्याच्या पायथ्याला पहाटेची थंडी बोचरी, आणि गाडी तापीच्या पुलावर आली की वारा सरळ गालावर. उपरणं गुंडाळावं म्हटलं तर उपरण्याचं घासणंही सहन होईना. दाढी फक्त डाव्या बाजूची करायचो, त्यामुळे प्रवासी माझ्याकडे बघत बसायचे. आणि दिवस कोणते, तर भरिताचे! शेताशेतांत वांगी भाजली जात होती, कळण्याच्या भाकरी, ठेचा, कांद्याची पात. आणि मी वरणात भाकरी कुस्करून डाव्या बाजूने गिळत बसलेलो.

निदान करायला आपल्याकडे डॉक्टर लागत नाही. घरी, आगारात, चहाच्या टपरीवर सगळ्यांचं एकच मत: दाढ. आमचे चालक नाना तर रोज म्हणायचे, “दाढ काढी टाक भो!” एका दवाखान्यात उजव्या खालच्या दाढेचं रूट कॅनल झालं. भूल होती तोवर स्वर्ग. भूल उतरली आणि दुसऱ्या दिवशी ब्रश लावताच तीच सणक, त्याच वाटेने. तिथे पुन्हा गेलो तर शेजारची दाढ काढू म्हणाले. एक्सरेत त्या दाढेला काही नव्हतं. मी ‘विचार करून सांगतो’ म्हणून उठलो.

जळगावला एका मेव्हण्याने दुसऱ्या डॉक्टरीणबाईंचं नाव सुचवलं. वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी खुर्ची मागे पाडली नाही, तोंड उघडायलाही सांगितलं नाही. म्हणाल्या, “काका, एका बोटाने दाखवा, दुखणं कुठून निघतं आणि कुठे जातं.” मी बोट ओठाच्या कोपऱ्याजवळ नेलं आणि बोटभर अंतर राखून, गालाला न लावता, हवेतच कानापर्यंत रेघ ओढली. त्या हसल्या. दात ठणकणारा माणूस गालाला तळवा दाबून धरतो, म्हणाल्या, तुम्ही तर हातही लावत नाही.

मग प्रश्न. रात्री झोपेतून उठवतं का? नाही. चहा पिऊन झाल्यावर ठणका मागे रेंगाळतो का? नाही. दोन सणकांच्या मधे काही दुखतं? काहीच नाही. जिना चढताना, ओझं उचलताना जबडा भरून येतो का? हे कशाला विचारता म्हटलं, तर हृदयाचं दुखणंही कधी कधी खालच्या जबड्यात उतरतं, ते आधी बाजूला काढायचं असतं. मग तोंड उघडायला लावलं. कापसावर गार फवारा मारून एकेक दात तपासला. थंडी कळायची आणि लगेच जायची. निरोगी दाताचं लक्षण ते. आरशाच्या दांडीने दातांवर टिचक्या मारल्या, काही नाही. पण आरसा बाहेर काढताना ओठाच्या कोपऱ्याला निसटता लागला आणि मी खुर्चीत उडालो.

“दात नाहीये हा,” त्या म्हणाल्या. “दातांची तार आहे.”

प्रिस्क्रिप्शनच्या कागदामागे त्यांनी चेहरा काढला आणि त्याचे तीन पट्टे पाडले. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या 12 जोड्या. त्यातली पाचवी चेहऱ्याची, ट्रायजेमिनल. उजवीची वेगळी, डावीची वेगळी. मला ते आमच्या आगाराच्या भाषेत पटकन समजलं: कवटीच्या बुडाशी, कानाच्या पुढे आत, एक जंक्शन, आणि तिथून तीन गाड्या तीन वेगळ्या फाटकांतून बाहेर. पहिली कपाळ, वरची पापणी, डोळा आणि नाकाच्या शेंड्यापर्यंत. दुसरी खालची पापणी, गाल, वरचा ओठ, टाळू आणि वरचे सगळे दात. तिसरी खालचे दात, खालचा ओठ, हनुवटी, कानशिलाचा भाग आणि जिभेचा पुढचा दोन तृतीयांश भाग. चावायच्या स्नायूंना हुकूम देणंही या तिसरीकडेच. माझी सणक तिसरीच्या मार्गावर हिरडीपासून कानापर्यंत धावत होती, कारण कानाच्या पुढच्या भागालाही तिचीच एक फांदी जाते. दाढ दुखली की कान दुखतो असं जे आपण म्हणतो, त्यामागे हेच.

मी विचारलं, भूल होती तोवर बरं होतं, मग दोष दाढेचाच ना? हा प्रश्न त्यांना आवडला असावा. वरच्या दाताला भूल द्यायची तर बहुतेक वेळा त्या दाताजवळच्या हिरडीत सुई पुरते, कारण वरचं हाड पातळ आणि सच्छिद्र, औषध झिरपत मुळापर्यंत पोहोचतं. खालच्या दाढांकडचं हाड जाड. तिथे झिरपत नाही. म्हणून जबड्याच्या मागच्या उभ्या भागाच्या आतल्या बाजूला, जिथे नस हाडाच्या बोगद्यात शिरते त्या तोंडापाशी, लिग्नोकेन हे भुलीचं औषध सोडतात. त्या बोगद्यातून नस सगळ्या खालच्या दातांना फांद्या देत जाते आणि उपदाढांच्या खाली एका भोकातून बाहेर येऊन ओठ-हनुवटीकडे वळते. म्हणून एका दाढेसाठी घेतलेल्या इंजेक्शनने अर्धा ओठ जड होतो. जिभेची नस शेजारूनच जाते, ती पण त्यात सापडते. “तुमची दाढ नाही, सगळी लाइन बंद केली होती,” त्या म्हणाल्या. “लाइन बंद म्हटल्यावर सणक कशी येणार?”

नंतर कापसाचा धागा कपाळ, गाल, हनुवटीवर फिरवला (उजवीकडे मी आधीच डोळे मिटून घेतले), बुबुळाच्या कडेला लावून डोळा मिटतो का ते पाहिलं, दात घट्ट आवळायला लावून कानशिलावर बोटं ठेवली. जबड्याच्या कोपऱ्यावर, कानाच्या खाली टोचलं आणि सांगितलं की ही जागा पाचव्या नसेची नाहीच, मानेतून वर येणाऱ्या नसेची आहे. कोणी सबंध गालासकट हा कोपराही बधिर झाला म्हणालं, तर डॉक्टर सावध होतात. मग गाल फुगवा, शीळ घाला, दात दाखवा. हे सातव्या नसेचं काम. हसणं, डोळा मिटणं तिचं. तोंड वाकडं होतं ते तिच्यामुळे. चेहऱ्याला स्पर्श एका नसेने कळतो आणि चेहरा हलतो दुसरीने, हे मला नवीन होतं. जिभेच्या पुढच्या भागाला चटका कळतो पाचवीने, पण शेवभाजीची चव कळते सातवीने!

माझ्याकडे सगळं शाबूत होतं, बधिरपणा कुठेच नाही. ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, म्हणजे याच पाचव्या नसेचं दुखणं, असं लिहून त्यांनी मज्जासंस्थेच्या डॉक्टरांकडे पाठवलं. एकही दात न काढता, तपासणीची फी घेऊन.

तिथलं काम झटपट झालं. सलमान खानला हेच झालं होतं, असं तिथल्या रांगेतच कोणीतरी सांगितलं. त्याने जाहीरपणे सांगितलेलं आहे म्हणे. ते ऐकून घरच्यांना का कोण जाणे पण धीर आला. एमआरआय केला, कारण अशी सणक कधी गाठीमुळे किंवा मेंदू-मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण खराब करणाऱ्या मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या आजारानेही येते. माझ्यात ते नव्हतं. नस मेंदूच्या खोडातून निघते त्याच जागी एका धमनीचा वेढा तिला टेकलेला दिसला. धमनी उडते, नसेला सतत ठोके बसतात, नसेवरचं आवरण झिजतं, आणि मग साधा स्पर्शही वेदना होऊन धावतो. वयाच्या पन्नाशीनंतर जास्त, बायकांत जास्त, उजव्या बाजूला जास्त. तीनपैकी दोन गोष्टी माझ्यावर लागू.

गोळी दिली कार्बामाझेपिन, सुरुवातीला 100 मिलिग्रॅम दोन वेळा. पाकिटातल्या कागदावर फेफऱ्याचं औषध असं वाचून बायको रडायलाच लागली. मेडिकलवाल्याने तिला समजावलं की फेफऱ्यात मेंदूच्या पेशी भडकतात, यांच्यात नस भडकते, गोळी दोन्हीकडे तोच भडका कमी करते. साध्या दुखण्याच्या गोळ्यांचा इथे उपयोग नसतो. त्या मी मूठभर खाऊन पाहिल्याच होत्या. काही दिवसांतच दोन्ही गालांची दाढी केली. पण गोळीने झापड यायची, चालत्या गाडीत तोल जायचा. चालत्या गाडीत उभं राहायचं आणि सुट्टे मोजायचे, म्हणून काही काळ आगारात बसून काम मागून घेतलं. रक्त तपासत राहावं लागलं: सोडियम, पांढऱ्या पेशी, यकृत. अंगावर पुरळ आलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखान्यात या, नाहीतर मनाने एकदम बंद करायची नाही, हे दोनदा बजावलं होतं.

पुढे डोस वाढत गेला, सोडियम उतरलं, आणि वर सणका पुन्हा डोकं काढायला लागल्या. तेव्हा पर्याय समोर ठेवले गेले. गालातून लांब सुई घालून, तिसरी फांदी कवटीच्या ज्या भोकातून बाहेर पडते तिथून आत शिरायचं आणि जंक्शनला उष्णतेने, ग्लिसरॉलने किंवा फुग्याने दाबून मंद करायचं. सणक थांबते, पण गाल कमी-जास्त बधिर राहतो. किंवा किरणांचा उपचार, ज्याचा गुण यायला आठवडे-महिने लागतात. किंवा कानामागून कवटी उघडून धमनी नसेपासून अलग करायची आणि मधे टेफ्लॉनचा तुकडा ठेवायचा. ही पद्धत 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या पीटर जॅनेटा यांनी रुळवली. ऐकू कमी येण्याचा, मेंदूभोवतीचं पाणी गळण्याचा, क्वचित त्याहून मोठा धोका असतो, हे सर्जनने लपवलं नाही. माझी तब्येत धडधाकट, एमआरआयमध्ये धमनी स्पष्ट. मी तिसरा पर्याय घेतला. मुंबईत झालं. शुद्धीवर आल्यावर डोकं फुटायला आलं होतं, मळमळ होती, आणि मी मुद्दाम ‘पुढे सरका’ म्हणून पाहिलं. नर्सला वाटलं मी तिलाच सांगतोय.

कानात काही आठवडे दडे बसल्यासारखं राहिलं, मग सुटलं. गोळ्या हळूहळू कमी करत बंद झाल्या. सणक परत येऊ शकते, हे सर्जनने निघताना सांगितलंच आहे. बिलांची फाईल अजून टेबलावरून टेबलावर फिरते आहे, पण तो वेगळा लेख होईल.

आता आगारात कोणाचा गाल दुखला की तो माझ्याकडे येतो. परवा शिरपूरकडचा एक चालक आला. त्याच्या आईला तसंच झालंय, मुंबईच्या डॉक्टरांचा नंबर द्या म्हणाला. मी आधी विचारलं, गालाला हात लावू देते का?

“हातच धरी बसेल शे,” तो म्हणाला.

झोप लागते?

“रातभर ठणकस ना भो.”

म्हटलं, मुंबईचं राहू दे. उद्या सकाळी तिला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन जा.