मोठे सर मीटिंगला गेले होते

अनुदानित शाळेत मुख्याध्यापक होतो तो सेवाज्येष्ठतेने. 1981 ची ती सेवाशर्तींची नियमावली आहे ना, तिच्यात तसंच आहे. म्हणजे तुम्ही वीस-पंचवीस वर्षं वर्ग नीट सांभाळलात की एक दिवस अख्खी शाळा, पोषण आहाराचा तांदूळ, पगाराचं ऑनलाइन शालार्थ, शाळेची माहिती सरकारला भरायचं यू-डायस, संस्थेचे सेक्रेटरी आणि स्टाफरूममधली भांडणं असं सगळं तुमच्या टेबलावर ठेवतात आणि म्हणतात चला, चालवा आता. मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका बरेच जण करतात, मीही केलीय, पण स्टाफला कसं वागवायचं हे ज्याचं तोच ठरवतो. आणि त्याने जे ठरवलं ते भोगायचं आम्ही.

मी नवी मुंबईत दिघ्याकडच्या एका प्राथमिक शाळेत आहे, नाव राहू दे. पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याला वस्ती आहे, पालक बहुतेक एमआयडीसीत कामाला जाणारे. ही गोष्ट करोनाच्या आधीची. दिघा गाव स्टेशन 2024 च्या जानेवारीत सुरू झालं, तेव्हा ते नव्हतंच, आम्ही ऐरोलीला उतरून रिक्षा नाहीतर बस पकडायचो.

तेव्हा जे मोठे सर होते ते एकदम कडक. प्रामाणिक म्हणाल तर शंभर टक्के, तांदळाच्या एका दाण्याचा हिशेब इकडचा तिकडे होणार नाही. पण पाच मिनिटं उशीर झाला की मस्टरवर लाल रेघ. टाचण वही, म्हणजे काय शिकवणार त्याची वही, दर सोमवारी टेबलावर हवी, आणि त्यात बघायचं काय तर पानं भरलीत का. त्यामुळे आम्ही सगळ्याजणी मागच्या वर्षीचं टाचण बघून नव्या वहीत उतरवायचो आणि वर्गात जे शिकवायचं ते वेगळंच शिकवायचो. लॉगबुकात सगळ्यांना तेच शेरे, "फलकलेखन चांगले, आवाज वाढवावा." माझा आवाज तर शेजारच्या वर्गात ऐकू जातो! आणि गंमत म्हणजे एवढा दरारा फक्त खालच्या लोकांसाठी. वरून आलेला कुठलाही कागद सर एका शब्दाने अडवायचे नाहीत. बीएलओची, म्हणजे मतदारयादीच्या कामाची, ऑर्डर आली की "सही करा, घ्या", मग त्या बाईंकडे पहिलीचा वर्ग असो नाहीतर काही असो. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, कलम 27 मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून दुसरी कामं शिक्षकांना देऊ नका असं स्पष्ट लिहिलंय, निवडणुकीचं काम त्यात बसतं हे मान्य, पण पहिलीच्या बाईंनाच का, हे त्यांच्यासमोर बोलणार कोण.

आणि मेमो. आमच्यातल्या एका बाईंनी एकदा आजारी मुलाला त्याच्या काकाबरोबर घरी सोडलं, काका ओळखीचे, रोज न्यायला येणारे, तरी बाईंना मेमो, "मुख्याध्यापकांच्या परवानगीशिवाय". त्यानंतर आमच्याकडे साधा खडूचा बॉक्सही विचारल्याशिवाय कोणी फोडत नसे.

तर त्या दिवशी जुलैचा पाऊस. दुपारचं सत्र होतं आणि सर मीटिंगला बेलापूरला गेलेले. दीड-दोनपर्यंत नुसता पाऊस होता, मग डोंगरावरून जे पाणी यायला लागलं ते बघून पोटात गोळा आला. शाळेमागच्या नाल्यात वरून प्लास्टिक, फांद्या, एक अख्खी गोणी येऊन मोरीच्या तोंडाशी अडकली आणि पाणी सरळ आमच्या पटांगणात. तळमजल्यावर पहिली-दुसरीचे वर्ग. आधी दारातून एक बारीक ओघळ आला, मुलं हसायला लागली, कागदाच्या होड्या करू लागली, आणि दहा-पंधरा मिनिटांत पाणी घोट्याच्या वर. बाकांवर उभी केलेली पोरं रडायला लागली.

वर मोठा हॉल आहे. पण संस्थेने दिलेले कॉम्प्युटर तिथे, त्यामुळे त्याला कुलूप, चावी सरांच्या कपाटात आणि कपाटाची चावी सरांच्या खिशात. वरचे वर्ग तिसरी-चौथीने भरलेले, व्हरांड्यात पावसाची झड. फोन लावला तर आधी उचलला नाही, मग स्विच ऑफ.

आता खरं सांगते, बाहेरच्या माणसाला हे पटणार नाही. आम्ही डी.एड., बी.एड. झालेल्या, घरी मुलंबाळं असलेल्या बायका आणि दोन सर, असे सगळे जिन्याच्या तोंडाशी उभे राहून चर्चा करत होतो की कुलूप तोडलं तर चालेल का. एक म्हणे पंचनामा करून तोडू. एक म्हणे सेक्रेटरींना विचारू, तर त्यांचा नंबर कोणाकडेच नाही, कारण संस्थेशी परस्पर बोलायचं नाही हा अजून एक नियम. गेटवर पालक गोळा झालेले, पोरं द्या म्हणून ओरडत होते आणि शिपाई मामा बिचारे छत्री धरून एकच सांगत होते, "साडेपाचच्या आधी गेट उघडायची ऑर्डर नाही." वर्गांमध्ये पाणी वाढतंय आणि इथे शहाणी माणसं अर्जाचा मायना ठरवतायत.

खिचडी करणाऱ्या मावशी हे सगळं स्वयंपाकाच्या शेडमधून बघत होत्या. शेडमध्येही पाणी शिरलेलं, त्यांनी तांदळाची पोती आधीच चुलीच्या कट्ट्यावर चढवून ठेवलेली, कोणाला न विचारता. त्या आल्या, हातात मसाला कुटायचा लोखंडी बत्ता, आम्हाला बाजूला सारत सरळ वर गेल्या आणि कुलपावर घाव घालायला लागल्या. एक सर म्हणाले, "अहो मावशी, मेमो येईल." तर म्हणाल्या, "मला कोण देतंय मेमो? माझं मस्टरवर नाव तरी आहे का?" तुटपुंजं मानधन, तेही दोन-तीन महिन्यांनी कधीतरी मिळणार. त्या दिवशी अख्ख्या शाळेत मोकळी बाई ती एकटीच होती.

कुलूप तुटल्यावर मग आमचे हातपाय चालायला लागले. पहिली-दुसरीची पोरं कडेवर घेऊन, साखळी करून वर नेली. मामांनी गेट उघडलं, मी हजेरीच्या कॅटलॉगच्या मागच्या कोऱ्या पानावर नाव, कोणाबरोबर गेलं, सही असं लिहून घेत एकेक मूल सोडत गेले, एक आजी सही येत नाही म्हणून अंगठा देऊन गेली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही.

आता सरांची बाजूही सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. ठाणे-बेलापूर रोड तुंबलेला, गाड्या बंद, तर हा माणूस ऐरोलीच्या पुढून पाण्यातून चालत रात्री आठला शाळेत पोचला. पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली, चप्पल एकाच पायात. दोनच मुलं राहिली होती, त्यांचे आईवडील कंपनीत अडकलेले. सरांनी स्वतः त्यांना बिस्किटं दिली, ती घरी जाईपर्यंत बसून राहिले. आणि मग हॉलकडे बघून विचारलं, "कुलूप कोणी तोडलं?"

दुसऱ्या दिवशी सगळ्यांकडून लेखी खुलासा. मावशींकडून नाही, त्यांच्यासाठी फॉरमॅटच नव्हता.

पदविकेच्या अभ्यासात 1939 चा एक प्रयोग वाचला होता, कर्ट लेविन, लिपिट आणि व्हाइट यांचा. अमेरिकेत दहा वर्षांच्या मुलांचे गट करून त्यांना मुखवटे वगैरे बनवायला दिले. काही गटांत हुकूम सोडणारा म्होरक्या, काहींत सगळ्यांना विचारून चालणारा, काहींत नुसता बसून राहणारा. हुकूमवाला खोलीत असेपर्यंत काम दणक्यात, तो बाहेर गेला की ठप्प. विचारून चालणाऱ्याच्या गटात तो नसतानाही काम चालूच. परीक्षेला पाच मार्कांचं टीप लिहा म्हणून पाठ केलं होतं. माझी चौथीची मुलं साधारण त्याच वयाची, पण त्या दिवशी ठप्प झालो ते आम्ही मोठे.

सर रिटायर झाले आणि मग काही महिने प्रभारी सर आले, ते त्या प्रयोगातले तिसरे. स्वभावाने देवमाणूस, "तुम्हीच बघा हो, तुम्हाला जास्त कळतं." सुरुवातीला एवढं बरं वाटलं! मग कळलं की पोषण आहाराची रोजची नोंद कोणी केलीच नाही, यू-डायसची तारीख निघून चाललीय, आणि जी बाई नाही म्हणू शकत नाही तिच्याच गळ्यात सगळं पडतंय. ती बाई म्हणजे मी. कडक सरांची लाल रेघ निदान सगळ्यांना सारखी होती असं मी तेव्हा बोलून दाखवलं होतं, आणि आजही मला ते चुकीचं वाटत नाही.

आताच्या मोठ्या बाई आल्यावर त्यांनी पहिल्या आठवड्यात केलं काय, तर सगळ्या चाव्यांचा डुप्लिकेट जुडगा करून स्टाफरूमच्या खिळ्याला लावला आणि आपण नसलो तर कोण ठरवणार ते नाव रोज फळ्यावर लिहायला लावलं. टाचणाची पानं मोजत नाहीत. वर्गात येऊन मागच्या बाकावर बसतात, वह्या चाळतात, आणि नंतर एकटीला गाठून सांगतात, "त्या खिडकीजवळच्या मुलाला जोडाक्षरं येत नाहीयेत गं, रोज पाच मिनिटं त्याला वेगळी दे." मी खरंच दिली. पोरगं दिवाळीनंतर वाचायला लागलं. बीएलओची ऑर्डर आली की आधी पहिलीच्या बाईंचं नाव कापायला ऑफिसात जाऊन भांडून येतात. कधी जमतं, कधी नाही.

पण आमची सवय जायला फार वेळ लागला. बाई येऊन वर्ष होत आलं तरी स्टाफमधल्या जुन्या बायका त्यांच्या दाराशी जाऊन उभ्या, बाई, खडू घेऊ का, बाई, फळा खाली सरकवू का. त्या वैतागून म्हणायच्या अगं तुझाच वर्ग आहे ना तो. नवीन लागलेल्या मुलींना हे बघून हसू यायचं.

आणि हे सगळं गोडगोड आहे असं अजिबात नाही. प्रत्येक गोष्ट सगळ्यांना विचारून ठरवायची म्हणजे शनिवारची मीटिंग लांबते, दीड तास, कधी दोन. स्नेहसंमेलनात कोळीगीत घ्यायचं की नाही यावर एकदा सगळी मीटिंग गेली. माझी लोकल चुकते, घरी सासूबाईंचं बोलणं खावं लागतं. गेल्या शनिवारी विषय होता की पावसाळ्यात पहिली-दुसरी वरच्या मजल्यावर आणायची आणि चौथी खाली न्यायची. चौथीची म्हणून मी कडाडून विरोध केला, माझ्या वर्गातले तक्ते वर्षभर जमवलेत मी, मोठ्या बाईंनाही तोंडावर सांगितलं की हे मला मान्य नाही. मतदान झालं, मी हरले. तक्ते उतरवायला अजून घेतले नाहीयेत.