डिसेंबरात जिंकलेली मालिका

10 डिसेंबर 2025, रात्र

आमच्या न्यू यॉर्क मेट्स या बेसबॉल संघातून काल पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, डियाझ गेला, आज फलंदाज अलॉन्सो. डियाझ डॉजर्सकडे, 3 वर्षं, 6.9 कोटी डॉलर. अलॉन्सो बाल्टिमोरला, 5 वर्षं, 15.5 कोटी. निमो तर नोव्हेंबरातच टेक्ससला पोचला. अलॉन्सोचे 264 होमरन, म्हणजे बेसबॉलमधले षटकार, मेट्सच्या इतिहासात कोणाचेच त्याहून जास्त नाहीत. आणि बातमी वाचल्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं? ‘म्हणजे वर्षाचे 3.1 कोटी वाचले.’ त्याच्या पाठोपाठ, ‘मग आता कोणाला घेतील?’

हे दुसरं वाक्य संध्याकाळपासून टोचतंय. वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, पण नंतर. आधी खरेदीची यादी.

बरं, खरेदीचं काय होतं हे मला माहीत नाही असंही नाही. 2022 चा डिसेंबर पाठ आहे. त्याची सुरुवात आमचा पिचर डीग्रॉम टेक्ससला जाण्याने झाली होती. त्याबद्दल आज नको. तो शुक्रवारी गेला आणि सोमवारी पिचर व्हरलँडर आला: 2 वर्षं, 8.67 कोटी, म्हणजे वर्षाला 4.33 कोटी, नेमके आमचा दुसरा पिचर शेर्झर याला मिळत होते तेवढेच. डियाझला आधीच 5 वर्षांचे 10.2 कोटी. निमोला 8 वर्षांचे 16.2. जपानहून पिचर सेंगा, 5 वर्षं, 7.5. एवढ्या चार करारांतच 42 कोटींच्या वर. आणि मग त्या रात्री कोरेआ! 12 वर्षं, 31.5 कोटी. त्याचा सौदा आधी सॅन फ्रान्सिस्कोशी ठरला होता; त्यांनी त्याची पत्रकार परिषद ऐन वेळी थांबवली, आणि त्यांचं आवरेपर्यंत मेट्सचा मालक कोहेनने सौदा उरकलासुद्धा. त्या रात्री वर्ल्ड सिरीज, म्हणजे वर्षाची अंतिम मालिका, आपण जिंकलेलीच होती.

आता कळतं की तेव्हाच थांबून बघायला हवं होतं. बातमी येते ती ठरलेल्या आकड्याची. सही होते मेडिकलनंतर. कोरेआच्या उजव्या पायाला 2014 मध्ये, मायनरमध्ये, म्हणजे खालच्या लीगमध्ये, असताना, फ्रॅक्चर झालेलं, आत प्लेट. सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉक्टरांना जे खटकलं तेच मेट्सच्या डॉक्टरांनाही खटकलं. जानेवारीत तो मिनेसोटाला परत गेला, 6 वर्षांच्या 20 कोटींवर.

12 वर्षं का, हेही समजून घ्यायला हवं. लक्झरी टॅक्स, म्हणजे संघाचा एकूण पगार मर्यादेबाहेर गेला की बसणारा कर, त्या वर्षीच्या पगारावर नाही, कराराच्या सरासरीवर बसतो. 31.5 भागिले 12 म्हणजे 2.63 कोटी. तीच रक्कम 8 वर्षांत दिली असती तर 3.94. 2023 ची मर्यादा होती 23.3 कोटी, आणि मेट्स सलग दुसऱ्या वर्षी तिच्या वर. सर्वात वरच्या, 29.3 च्या पुढच्या, टप्प्यात दुसऱ्यांदा आलेल्याला दर 90 टक्के. म्हणजे कोरेआच्या 2.63 वर आणखी सुमारे 2.36 कोटी नुसता कर. वर्षं वाढवली की आजचा कर हलका होतो आणि चाळिशीतला पगार पुढच्या जनरल मॅनेजरच्या डोक्यावर बसतो. बोगार्ट्सला सॅन डिएगोने 11 वर्षं दिली, टर्नरला फिलाडेल्फियाने 11, ती त्यांच्या चाळिशीवरच्या प्रेमाने नव्हे.

आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्यांना हे विचित्र वाटतं. तिथे 2025 च्या मोसमासाठी 120 कोटी रुपयांची थैली होती, संपली की संपली. पंतला 27 दिले तर बाकी 93 मध्ये भागवा. इथे थैलीला तळ नाही, फक्त दंड आहे.

आणि मुळात बाजारात येतो कोण? सहा वर्षांची सेवा झालेला. 172 दिवसांचं एक वर्ष धरतात. पहिली तीन वर्षं साधारण किमान पगार, पुढची तीन लवादावर. चोविसाव्या वर्षी वर आलेला मुलगा तिशीत मोकळा होतो, म्हणजे त्याची सर्वात चांगली वर्षं दुसऱ्याने स्वस्तात वापरलेली असतात. आपण देतो ते झालेल्या खेळाचे पैसे. गेल्या डिसेंबरात मेट्सने घेतलेल्या सोटोचं गणित वेगळं, तो एकोणिसाव्या वर्षीच वर आला होता, म्हणून सव्विसाव्या वर्षी बाजारात, म्हणून 15 वर्षांचे 76.5 कोटी. त्याबद्दल माझी तक्रार नाही. व्हरलँडर मात्र चाळिशीला टेकलेला होता, शेर्झर अडतीस. ही दोन वयं 2022 च्या डिसेंबरातही सगळ्यांना ठाऊक होती. मलाही.

मग हुरळले कशाला?

2023 च्या मार्चमध्ये डियाझ. सीझन सुरूही झाला नव्हता. वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमध्ये प्वेर्तो रिकोने डॉमिनिकनला हरवलं, सगळे मैदानात उड्या मारत होते, आणि त्या उड्यांमध्ये त्याच्या गुडघ्याचा टेंडन फाटला. अख्खं वर्ष गेलं. ओपनिंग डेच्याच, म्हणजे सीझनच्या पहिल्याच, दिवशी व्हरलँडर काखेमागच्या स्नायूसाठी इंज्युअर्ड लिस्टवर, म्हणजे जखमींच्या यादीत. एप्रिलमध्ये शेर्झरला हाताच्या चिकटपणासाठी 10 सामन्यांची बंदी. 1 ऑगस्टपर्यंत दोघांची विक्री. शेर्झर टेक्ससला, सोबत त्याच्या पगारातले साडेतीन कोटींच्या आसपास मेट्सकडूनच, कारण पैसे जोडले की बदल्यात चांगला होतकरू मुलगा मिळतो. लुइसआन्हेल अकुन्या मिळाला. टेक्ससने त्या वर्षी मालिका जिंकली. मेट्स 75-87, म्हणजे 75 जिंकले, 87 हरले, वर 10 कोटींहून जास्त कर.

आपल्याच नशिबी हे का, असं लिहिणार होते. पण टेक्ससकडे बघितलं की ते जमत नाही. त्यांनी 2021 मध्ये सीगरला 32.5 आणि सेमियनला 17.5 कोटी दिले, पुढच्या वर्षी 94 सामने हरले, आणि त्याच्या पुढच्या वर्षी जिंकले. पैसा तोच, रीत तीच. शिवाय डीग्रॉम तेव्हा त्यांच्याकडे होता आणि फक्त सहा सामने टाकून ऑपरेशनला गेला. म्हणजे आमचा जखमी पिचरसुद्धा त्यांना लाभला. असो.

खोट आहे ती वेगळ्याच जागी, असं मला वाटतं. डिसेंबरात पहिले दोन पिचर विकत मिळतात. 162 सामने साधारण 186 दिवसांत असतात, पाच जणांचं रोटेशन, म्हणजे पाळीपाळीने टाकणाऱ्या पिचरांची रांग, धरली तर एकेकाला 32. पाचच्या पाच जण वर्षभर टिकलेत असं होत नाही. सीझन ठरवतो सातवा, आठवा, नववा पिचर, आणि त्याच्या नावाची पत्रकार परिषद कोणी घेत नाही. यंदाच बघा. 12 जूनपर्यंत 45-24, सगळ्या लीगमध्ये वरचे. त्याच दिवशी पहिल्या बेसवर अलॉन्सोचा उंच थ्रो पकडायला सेंगाने उडी मारली आणि हॅमस्ट्रिंग गेलं. त्यानंतर 38-55. वर्षभरात चाळीसहून जास्त पिचर वापरले. प्लेऑफच्या शेवटच्या जागेसाठी शर्यत सिनसिनाटीशी होती; शेवटच्या दिवशी ती हरली होती, आपण जिंकलो असतो तरी पुरे होतं. मायामीने 4-0 ने हरवलं. 83-79 वर बरोबरी, आणि आपसातले सामने सिनसिनाटीच्या बाजूने, म्हणून जागा त्यांची.

हे सगळं मुखपाठ असून आज पुन्हा यादी केलीच. बाजारात मोकळे असलेले टकर, बिशेट. एखादा स्टार्टर, म्हणजे सामना सुरू करणारा पिचर, मिळाला तर दोन. हात शिवशिवतात म्हणजे काय ते कळलं. पैसा माझा नाही, हे किती सोयीचं आहे! त्यात आपण आता दंडाच्या सर्वात वरच्या दरात, शेवटच्या टप्प्यावर डॉलरमागे 1 डॉलर 10 सेंट. बघत बसायला छान आहे. अलॉन्सोला पाच वर्षं न देणं कदाचित शहाणपणाचंही असेल, एकतिशीचा फर्स्ट बेसमन आहे, उजव्या हाताचा, पाय मुळात जड. पण त्याला जाऊ दिलं म्हणून मी शहाणी झाले असं नाही, मी फक्त दुसऱ्याच्या नावावर बोट ठेवून बसलेय.

तर ठीक आहे. हुरळू. डिसेंबर आहे, दुसरं करायला काय आहे? जिंकायचे महिने हेच. जूनमध्ये बघू हॅमस्ट्रिंगचं.

आणि अगदीच धीर सुटला तर एक करार आहे ज्यात मेडिकल नाही, सरासरी नाही, गुडघा नाही. दर 1 जुलैला मेट्सचा जुना खेळाडू बॉबी बोनियाला 11,93,248 डॉलर आणि 20 सेंट, 2011 पासून 2035 पर्यंत. 1999 नंतर तो मेट्ससाठी एकही सामना खेळलेला नाही. 59 लाख द्यायचे होते, 8 टक्के व्याजाने पुढे ढकलले. आजवर एक हप्ता चुकलेला नाही. रोटेशनमध्ये एवढा भरवशाचा माणूस आपल्याकडे दुसरा कोण आहे, सांगा.